जतची पहिली शाळा
शिक्षकाची आडगावातली पहिली नेमणूक म्हणजे शिक्षाच, असं बरेच जण म्हणतात. मलाही रुजू होताना तसंच वाटलं होतं. शिक्षणसेवक (सुरुवातीला मानधनावर नेमलेला शिक्षक) म्हणून सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीलगत द्विशिक्षकी शाळा मिळाली. मानधन तेव्हा महिना 3000 रुपये. पाणी टँकरचं. शाळा मराठी, पण पोरांच्या घरात कन्नड! पहिलीतली पोरगी 'नीरु, नीरु' करत रडायची आणि मी कुठला नीरू हरवला म्हणून शोधायचो. नीरु म्हणजे कन्नडमध्ये पाणी! शेवटी पोरांनीच मला कन्नड शिकवलं, चुकलो की खिदळत.

दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला वाळवा-कराडकडं जायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर चौथीतला एक पोरगा परत आला. फळ्यावरचा गुणाकार काही केल्या जमेना. सहज विचारलं, "वाडं कसं विकत होता रे?" (वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा.) तर पठ्ठ्यानं शेकड्याचा भाव धरून साडेतीनशे पेंढ्यांचे पैसे तोंडी सांगितले, वर उधारी वजा करून! दुसऱ्या दिवसापासून गणितं पेंढ्यांचीच घातली. (बीएड, डीएडला हे कुणी शिकवत नाही, असो.)

बदली झाली तेव्हा त्याच्या आईनं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. एसटीत बसल्या बसल्याच संपवली.