'ऑस्टेरिटी'ला काटकसर म्हणावं का?

पानवेल
ग्रीसच्या कर्जसंकटावरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात 'ऑस्टेरिटी', म्हणजे कर्जात बुडालेल्या सरकारनं खर्च, पगार, पेन्शन कापण्याचं धोरण, हा शब्द पानोपानी येतो. मी सगळीकडे 'काटकसर' लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून 'वित्तीय शिस्त' केलं. ते मला पटलेलं नाही, पण आता 'काटकसर' वाचतानाही अडखळायला होतंय. एक वाक्य देते: '२०१२च्या फेब्रुवारीत ___च्या पॅकेजमध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कापलं गेलं, पंचविशीच्या आतल्यांचं तर ३२ टक्क्यांनी.' रिकाम्या जागी काय घालाल? शक्यतो एकच शब्द हवा, मथळ्यातही तोच आहे.

कुळीथ
काटकसरच ठेवा. वर्तमानपत्रं तेच लिहितात, वाचणाऱ्याला कळतं. सरकारी भाषेतही 'काटकसरीच्या उपाययोजना' असतात. राज्याच्या वित्त विभागाचा ४ मे २०२०चा निर्णय आठवा: विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला, आरोग्य वगळता नवी भरती बंद. त्याला सगळे काटकसरच म्हणत होते.

साकव
भरतीबंदीला काटकसर? माझी भाची तेव्हा अभ्यासिकेत बसून जागा निघायची वाट बघत होती. तिच्या मैत्रिणींच्या तोंडी 'भरती गोठवली' एवढंच असायचं.

काटकसर माणूस आपल्या घरात, आपल्या मनानं करतो. आई साबणाची उरलेली चीप नव्या वडीला चिकटवायची, ती काटकसर. दुसऱ्यानं येऊन माझा पगार कापला तर मी काटकसर केली असं कसं म्हणायचं? पानवेलताई, माझं मत 'कपात'. खर्चकपात, वेतनकपात, पेन्शनकपात. 'कपात' म्हटलं की कुणी केली आणि कुणाची केली, हे दोन्ही प्रश्न लगेच येतात.

गोमेद
'मितव्यय' हा नेटका शब्द असताना ही ओढाताण कशाला? 'काटकसर'मधली 'कसर' अरबी आहे. 'कस्र' म्हणजे तुटलेला तुकडा, अपूर्णांक. अर्थशास्त्राची परिभाषा घडवायची तर ती एका घराण्याची हवी: मितव्यय, मितव्ययी, मितव्ययधोरण. 'कपात'वरून अशी रूपं करून दाखवा बघू.

डोलकाठी
मी बोटीवर इंजिन विभागात होतो. त्या वर्षांत ग्रीसच्या पिरेअस बंदरात बऱ्याचदा जाणं झालं, म्हणून लिहितो.

ग्रीक टीव्हीवर, पेपरात शब्द होता 'लिटोटिता'. मूळ अर्थ साधेपणा, कमी गरजांत राहणं. म्हणजे त्यांच्याकडचा अधिकृत शब्दही कौतुकाचाच. धक्क्यावरची माणसं मात्र तो वापरत नसत. ती म्हणायची 'म्निमोनिओ', म्हणजे मेमोरँडम, कर्जासोबत सही केलेला अटींचा करारनामा. पहिला २०१०चा, ११० अब्ज युरोंचा. मग २०१२चा, मग २०१५चा. कुठलीही गोष्ट सांगताना 'म्निमोनिओच्या आधी' आणि 'म्निमोनिओनंतर'.

आणि एक आठवण. २०१२च्या हिवाळ्याआधी घरं गरम ठेवायच्या तेलावरचा कर भरमसाट वाढवला. लोकांनी तेल घेणंच सोडलं आणि लाकडं जाळायला सुरुवात केली. संध्याकाळी अथेन्सवर धुराचा थर बसायचा, घशात खवखव व्हायची. याला मितव्यय म्हणायला माझी जीभ रेटत नाही, गोमेद.

कुळीथ
हाल झाले हे मान्य. पण तिथल्या सरकारांची उधळपट्टीही लपलेली नाही. ऑक्टोबर २००९मध्ये नवं सरकार आलं आणि तूट आधी सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी पुढे निघाली. अखेरचा हिशेब जीडीपीच्या १५ टक्क्यांवर गेला. बाजार कर्ज देईना, तेव्हा खर्च कमी करण्यावाचून दुसरा रस्ता होता का? त्या अर्थानं संपादकांची 'शिस्त' इतकी चूक नाही.

ओसरी
चूक आहे, कुळीथ. 'वित्तीय शिस्त' हा वेगळ्याच इंग्रजी संज्ञेचा प्रतिशब्द आहे आणि तो आधीच निकाल देऊन टाकतो. शिस्त म्हटलं की समोरचा बेशिस्त ठरलाच. पुढचा लेख वाचायची गरजच उरत नाही.

शिस्तीनं काय साधलं तेही बघा. २००९मध्ये ग्रीसचं कर्ज जीडीपीच्या १२७ टक्के होतं. एवढी कापाकापी करून, मधे कर्जाचा मोठा हिस्सा माफ होऊनही, २०१४मध्ये ते १८०च्या आसपास. कारण छेदच, म्हणजे जीडीपीच, आटला. सरकारनं पगार, पेन्शन कापली, त्या पगारावर चालणारी दुकानं बसली, दुकानांचा कर बुडाला, की पुन्हा नवी कपात. अर्थव्यवस्था पाव हिश्शानं आकसली, २०१३मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. आयएमएफचे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे) तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिए ब्लाँशार यांनीच सहकाऱ्यासोबत जानेवारी २०१३मध्ये मांडलं, की कपातीमुळे वाढीला किती फटका बसेल याचा युरोपातला अंदाज कमी धरला गेला होता. म्हणून मी वर्गात 'आकसधोरण' म्हणते. मुलांना पटकन समजतं.

गोमेद
'आकस' म्हणजे द्वेष, मनातली अढी! 'आकसापोटी कारवाई' रोज वाचतो आपण. मुलांना भलतंच काही समजत असणार.

साकव
भलतं कशाला, जुलै २०१५ आठवला तर तोही अर्थ बसेल. बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो, त्यासाठी म्हातारी माणसं रांगेत. ५ जुलैच्या सार्वमतात ६१ टक्के लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटी धुडकावल्या आणि आठवडाभरात त्याच सरकारला त्याहून कडक अटींवर मान तुकवावी लागली. लोकांनी मत दिलं, त्याचं पुढे काय झालं? याला मी अजूनही शांतपणे घेऊ शकत नाही.

डोलकाठी
गोमेद, तुमच्या अरबीवरून. २०११मध्ये तिथे घरांवर नवा कर आला आणि तो विजेच्या बिलात घातला. भरला नाही तर वीज तोडायची तरतूद. लोकांनी त्याला नाव दिलं 'हारात्सी'. तुर्की अमलातला 'हराच' हा कर, मूळ अरबी 'खराज'. आपला 'खर्च' फारसीतून आला, पण धातू अरबी तोच. तुम्ही परका शब्द वगळायचा म्हणता, मग 'खर्च' कुठे ठेवणार?

गोमेद
'व्यय' आहे की. मितव्ययात तोच आहे, म्हणून तर सुचवला. 'हारात्सी'ची माहिती मात्र उत्तम, टिपून ठेवली.

पानवेल
सगळ्यांचे आभार. 'कपात'कडे कल होतोय, पण मथळ्यात 'कपातीचं राजकारण' वाचून पाण्याच्या बातमीसारखं वाटतं. 'पोटाला चिमटा' चालेल का? लेखात पुढे दोन शब्द आणखी आहेत. एक 'हेअरकट', मार्च २०१२मध्ये खासगी रोखेधारकांच्या, म्हणजे रोखे घेऊन सरकारला कर्ज दिलेल्यांच्या, दर्शनी रकमेतून ५३.५ टक्के कापले तो. दुसरा 'पासोकिफिकेशन'. पासोक पक्ष २००९मध्ये ४४ टक्के मतांवर होता, जानेवारी २०१५मध्ये ५ टक्क्यांच्याही खाली आला. त्यावरून जुन्या मध्यम-डाव्या पक्षांच्या अशा घसरणीला युरोपभर हे नाव पडलं.

कुळीथ
'पासोकीकरण' सरळ होतं. पण त्याच काळात गोल्डन डॉनसारखा नवनाझी पक्ष मे २०१२मध्ये २१ जागा घेऊन संसदेत आला, ते लेखात आहे ना? नसेल तर तळटीप द्या. एवढं माझ्याही बाजूनं मान्य, की शिस्तीचं हेही एक बिल होतं.

नवापैसा
'हेअरकट'साठी 'वटाव' का नको? वडिलांच्या पेढीवर वहीत 'कसर-वटाव' असं खातंच होतं. हिशेब मिटवताना सोडून दिलेली रक्कम त्यात जायची. गोमेद, ही तुमची परकी कसर व्यापाऱ्यांनी कधीच घरची केली आहे.

ओसरी
वटाव धनको राजीखुशीनं देतो. इथे दबाव होता. शिवाय त्या रोख्यांतले बरेच ग्रीसच्याच पेन्शन फंडांकडे होते, म्हणजे कात्री पुन्हा निवृत्तांवरच चालली. वटाव नाही चालणार.

नवापैसा
राजीखुशीनं? बुडीत गिऱ्हाईकाकडून निम्मे तरी येऊ देत म्हणून उरलेल्यावर पाणी सोडायचे वडील, त्यात खुशी कुठली? वहीत तेही कसर-वटावातच जायचं. कुणाकडे जुन्या चोपड्या असतील तर बघून सांगा, विदर्भात याला वेगळा शब्द होता असं काका म्हणायचे.