शाळा नको म्हणणारं मूल: हट्ट की भीती?

निशिगंध
माझी लेक दहा वर्षांची. तीन आठवडे झाले, सकाळी दप्तर दिसलं की पोट धरून बसते. शनिवारी ठणठणीत, रविवारी संध्याकाळपासून चेहरा उतरलेला. तपासण्यांत काही निघालं नाही, म्हणून घरातले म्हणतात नाटकं आहेत. मला पटत नाही. रडते तेव्हा तिचे हात गार पडलेले असतात.

रोखठोक
राग येईल, तरी लिहितो. सुट्टीला पोट दुखत नाही आणि शाळेला दुखतं, मग दुसरं काय म्हणायचं? आज घरी ठेवलंत की उद्या आणखी दुखणार. रडली तरी नेऊन सोडा, वर्गात पाच मिनिटांत शांत होते.

खडूफळा
पहिलीतलं मूल होतं शांत. मी बावीस वर्षं शिकवतेय. दहा-बारा वर्षांचं मूल ओढत आणलं तर ते शांत होत नाही, गप्प होतं. दांडी मारणारा आईबापांपासून लपवतो, हे मूल त्यांच्या डोळ्यांसमोर घरी असतं. कर्नी आणि सिल्व्हरमन या अभ्यासकांनी १९९० मध्ये चार कारणं मांडली: शाळेतलं काहीतरी नकोसं टाळणं, चारचौघांत बोलण्याची किंवा परीक्षेची धास्ती, आईबाबांना सोडवत नसणं आणि शाळेबाहेरची मजा. रोखठोक, तुम्ही फक्त चौथं धरून चाललात. आणि ताणाने पोट खरंच दुखतं हो.

रोखठोक
मी वाया जाणाऱ्या दिवसांबद्दल बोलतोय. 'बरं वाटेल तेव्हा जा' म्हणत माझ्या पुतण्याचं अख्खं सत्र गेलं. अभ्यास राहिला, मित्र तुटले, आता तर वर्गात शिरायलाच घाबरतो.

खडूफळा
हे मात्र शंभर टक्के मान्य. टाळलं की सुटका वाटते, आणि त्या सुटकेचीच सवय लागते. म्हणून दोन तास का होईना, जाऊ द्या, मग वाढवा. पण आधी विचारा. 'का जात नाहीस' असं नको, 'दिवसातला सगळ्यात नकोसा वेळ कोणता' असं.

निशिगंध
काल रात्री विचारलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, मधली सुट्टी. स्वच्छतागृहाची कडी तुटलीय, काही मुली मुद्दाम दार ढकलतात. म्हणून ही दिवसभर पाणीच पीत नाही.

रोखठोक
अरेरे. मग उद्याच मुख्याध्यापकांना भेटा, कडी बसवून घ्या आणि परवापासून पाठवा.

निशिगंध
भेटणार आहेच. पण कडी बसली तरी दार ढकलणाऱ्या मुली तिच्याच वर्गात आहेत. 'परवापासून' असं मी तिला आज तरी सांगणार नाही.