ड्वोर्झाकची नववी सिंफनी नावे झाकून ऐकली आणि एकच ध्वनिमुद्रण दोनदा वेगळे वाटले

कानसेन_९ (प्रश्न)

आंतोनिन ड्वोर्झाक या चेक संगीतकाराची नववी सिंफनी, म्हणजे डिसेंबर १८९३ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम सादर झालेली आणि ‘नव्या जगातून’ या नावाने परिचित असलेली रचना, मी अनेक वर्षे वेगवेगळ्या वाद्यवृंद-संचालकांच्या ध्वनिमुद्रणांतून ऐकत आलो आहे. राफाएल कुबेलिक यांनी १९७२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर केलेले ध्वनिमुद्रण सर्वांत सरस आहे, असे मी आजवर कोणालाही बिनदिक्कत सांगत असे. हे मत माझ्या कानाचे आहे की वेष्टनावरील नावाचे, याची शहानिशा करावी म्हणून मी एका मित्राला निरनिराळ्या ध्वनिमुद्रणांतील एकच उतारा कापून, त्यावर फक्त क्रमांक घालून, मला ऐकवण्याची विनंती केली.

उतारा निवडला तो दुसऱ्या भागाच्या, म्हणजे ‘लार्गो’ या अतिसंथ भागाच्या, आरंभाचा: पितळी वाद्यांचे गंभीर स्वरसमूह, त्यानंतर तंतुवाद्यांची मंद पार्श्वभूमी आणि तिच्यावर कोर आंग्लेची (ओबोच्या कुळातील, खालच्या स्वरांच्या फुंकवाद्याची) सर्वपरिचित धून. मित्राने सात तुकडे ऐकवले आणि मी त्यांना पसंतीक्रम दिला. नावे उघड केल्यावर कळले की कुबेलिक माझ्या यादीत पाचवे आले होते. ते मी एक वेळ पचवले असते. परंतु मित्राने मला न सांगता आणखी एक गोष्ट केली होती. कारेल आंचेर्ल यांचे चेक फिलहार्मोनिकबरोबरचे १९६१ चे ध्वनिमुद्रण त्याने दोन क्रमांकांवर ठेवले होते आणि मी एकाला दुसरे स्थान, तर दुसऱ्याला सहावे स्थान दिले होते. पहिल्याबद्दल माझ्या वहीत ‘उबदार, श्वासाला जागा देणारे’ असे टिपण आहे आणि दुसऱ्याबद्दल ‘काहीसे उरकल्यासारखे’ असे.

ऐकवण्याचा क्रम असा होता: तोस्कानिनी (१९५३), आंचेर्ल, रायनर (१९५७), कुबेलिक, बर्नस्टाईन (इस्रायल फिलहार्मोनिक, १९८६), पुन्हा आंचेर्ल आणि शेवटी केर्तेस (व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९६१). केर्तेस माझ्याकडून पहिले आले, तोस्कानिनी सातवे. प्रत्येक लार्गोतील आवाजाच्या अत्युच्च शिखराची पातळी संगणकावर समान करून घेतली होती. माझा प्रश्न असा की, ज्या कानाला एकच वादन ओळखता येत नाही, त्या कानाने दिलेल्या बाकीच्या पाच निकालांना काही अर्थ उरतो का?

मंद्रसप्तक

आपल्या मित्राचे प्रथम अभिनंदन करतो, कारण गुपचूप ठेवलेली पुनरुक्ती हाच अशा चाचणीतला सर्वांत मोलाचा तुकडा असतो आणि बहुतेक हौशी मंडळी तो ठेवायला विसरतात. तो नसता तर आपण सात स्थाने वहीत लिहून निर्धास्त झाला असता.

आता आपला क्रम पाहा, उत्तर त्यातच आहे. पहिल्या खेपेला आंचेर्ल आले ते तोस्कानिनींच्या पाठोपाठ. ते ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचे, आहे, आणि त्याच्यामागून येणाऱ्या कोणत्याही स्टीरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांच्या, ध्वनिमुद्रणात दालन अचानक रुंदावल्यासारखे वाटणार. दुसऱ्या खेपेला आंचेर्ल आले ते बर्नस्टाईन यांच्या पाठोपाठ. इतरांचा लार्गो साधारण ११ ते १३ मिनिटांत संपतो, तेथे बर्नस्टाईन यांचा १८ मिनिटांच्याही पुढे जातो. त्या संथपणाला कान सरावल्यावर दुसरी कोणतीही लय घाईची वाटणे अपरिहार्य होते. म्हणजे ‘उबदार’ हा शेरा वस्तुतः तोस्कानिनींच्या मोनो ध्वनीवर आहे आणि ‘उरकल्यासारखे’ हा बर्नस्टाईन यांच्या लयीवर. आंचेर्ल मधल्यामध्ये सापडले. आपला कान खोटा बोललेला नाही, त्याने प्रत्येक वेळी केवळ शेजाऱ्याशी तुलना केली, आणि माणसाचा कान असेच करतो. शेवटच्या तुकड्याला पहिले स्थान मिळणे हेही मला संशयास्पद वाटते, कारण निकाल लिहिताना तोच कानात सर्वांत ताजा असतो.

पातळीबाबत मात्र आपली पद्धत सदोष आहे. लार्गोतील अत्युच्च शिखर येते ते बरेच नंतर, जेथे पहिल्या भागाची मुख्य धून पितळी वाद्यांतून पुन्हा गर्जते. ते शिखर समान केले म्हणून कोर आंग्लेची धून समान होत नाही. ज्या ध्वनिमुद्रणात मंद आणि मोठ्या आवाजातले अंतर जास्त ठेवले आहे, त्यातील मंद उतारा इतरांपेक्षा कित्येक डेसिबलने खाली राहू शकतो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की आवाज कमी झाला की कान खर्जाला अधिक बहिरा होतो. म्हणून पातळी किंचित घसरली तरी आपल्याला ‘आवाज कमी आहे’ असे न वाटता ‘वादनात गाभा कमी आहे’ असे वाटते. जो उतारा ऐकवायचा आहे, त्याच उताऱ्याच्या आवाजाची सरासरी मोजा आणि सर्व तुकडे ०.२ डेसिबलच्या आत आणा. कुबेलिक यांच्या पाचव्या स्थानाची चर्चा त्यानंतर करू.

पडद्यामागचा

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण त्यापलीकडची एक अडचण मांडतो. या उताऱ्यात आपण संचालकांची तुलना केली असे समजता, पण प्रत्यक्षात केली ती कोर आंग्ले वाजवणाऱ्या सहा कलावंतांची आणि मायक्रोफोन लावणाऱ्या सहा तंत्रज्ञांची. संचालकाचे जे खरे काम, म्हणजे पन्नासाव्या ‘बार’मध्ये (तालखंडात) काय करायचे ते दहाव्या बारमध्ये असतानाच ठरवणे, ते दोन मिनिटांच्या तुकड्यात ऐकूच येत नाही. छोट्या तुकड्यांच्या चाचणीत लक्षवेधी ध्वनिमुद्रणे जिंकतात: वाद्य जवळून टिपलेले, लय एका टोकाला गेलेली, एखादी ओळ अनपेक्षितपणे पुढे आणलेली. जे वादन मुद्दाम हातचे राखून सुरू होते आणि दहाव्या मिनिटाला त्याचे फळ देते, ते बिचारे दुसऱ्याच मिनिटाला बाद होते.

तंत्रज्ञांचा वाटा किती मोठा असतो याचे उदाहरण याच सिंफनीत आहे. चौथ्या भागात झांजेचा संपूर्ण रचनेतला एकमेव आघात येतो आणि तोही हलका. काही ध्वनिमुद्रणांत तो स्वच्छ ऐकू येतो, काहींत वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यालाही तो कधी जाणवलेला नसतो. तो कळण्या-न कळण्याने वादनाची प्रत ठरत नाही. वादक किती हलक्या हाताचा होता आणि मायक्रोफोन कोठे टांगला होता, एवढेच त्यावरून कळते. (तो आघात कोठे येतो ते मी मुद्दाम सांगत नाही; शोधण्यात मौज आहे.)

नावे झाकली तरी काळ झाकला जात नाही, हेही लक्षात घ्या. टेपची खरखर आणि मोनो ध्वनी हे दोन्ही पहिल्या पाच सेकंदांतच दशक सांगून टाकतात, आणि एकदा ‘हे १९५३ च्या आसपासचे’ असे मनात आले की तोस्कानिनी हे नाव दाराशी येऊन उभेच राहते. सर्व तुकड्यांच्या दोन्ही वाहिन्या एकत्र करून ते मोनो करणे हा उपाय मी करून पाहिला आहे. त्याने वय काही अंशी लपते, पण पहिली आणि दुसरी व्हायोलिने कोठे बसवली आहेत हे कळेनासे होते, आणि तो संचालकाचाच निर्णय असल्याने सौदा महागात पडतो. मी आता मोनो आणि स्टीरिओ ध्वनिमुद्रणे एका बैठकीत मिसळतच नाही.

पसंतीक्रम लावण्याऐवजी वगळत जाणे मला अधिक विश्वासार्ह वाटते. फ्रान्स म्युझिक या रेडिओवाहिनीवरील ‘ला त्रिब्यून दे क्रितिक द दिस्क’ या जुन्या कार्यक्रमात समीक्षक नावे न कळता एकाच रचनेची अनेक ध्वनिमुद्रणे ऐकतात, टप्प्याटप्प्याने काही बाजूला काढतात आणि उरलेल्यांचे अधिकाधिक उतारे ऐकत जातात. ‘हे मला पुन्हा ऐकायचे आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर कान बऱ्यापैकी सुसंगतपणे देतो. ‘हे चौथे की पाचवे?’ याचे देत नाही. आपली पुनरुक्ती दुसऱ्या आणि सहाव्या स्थानावर गेली, यात कानाइतकाच या प्रश्नाचाही दोष आहे.

सारंगी_आणि_सूर

मला या संपूर्ण उपक्रमाच्या गृहीतकालाच हरकत घ्यायची आहे. नाव हा ऐकण्यात मिसळलेला मळ आहे आणि तो धुऊन काढला की खाली शुद्ध संगीत उरते, असे येथे सर्वांनी धरून चालले आहे. कुबेलिक यांचेच उदाहरण घेते. १९४८ मध्ये मायदेश सोडलेला हा संचालक ४२ वर्षांनी, मे १९९० मध्ये, प्रागला परतला आणि त्याने चेक फिलहार्मोनिकबरोबर स्मेताना या चेक संगीतकाराची ‘मा व्लास्त’ (‘माझा देश’) सादर केली. त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात काही ठिकाणी वादन काटेकोर नाही, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पण ते ‘क्रमांक चार’ म्हणून ऐकणे म्हणजे एखाद्याचे पत्र पाठवणाऱ्याचे नाव फाडून टाकून वाचण्यासारखे आहे. अक्षर कळेल, पत्र कळणार नाही.

मंद्रसप्तक

पत्राची उपमा मान्य आहे, पण पाठवणाऱ्याचे नाव खोटे निघाले तर काय करायचे? दिनु लिपाती या अल्पायुषी पियानोवादकाच्या नावावर शोपँच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोचे एक ध्वनिमुद्रण १९६६ पासून विकले जात होते आणि रसिक त्यात त्याचा अद्वितीय स्पर्श ऐकत होते. १९८१ मध्ये उघड झाले की ते वादन हालिना चेर्नी-स्तेफान्स्का यांचे होते. ब्रिटिश पियानोवादक जॉइस हॅटो यांच्या नावावर इतरांची ध्वनिमुद्रणे खपवली जात असल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले, तेही एका श्रोत्याने तबकडी संगणकात घातल्यावर भलत्याच वादकाचे नाव समोर आले म्हणून. तोवर आजारपणाशी झुंजत वाजवणारी कलावती ही कथा समीक्षणांतून सांगून झाली होती. चेर्नी-स्तेफान्स्का यांचे वादन १९८० मध्ये जसे होते तसेच १९८१ मध्येही होते. बदलले ते काय, एवढे आपण सांगावे.

सारंगी_आणि_सूर

बदलले ते ऐकणारे. ते मी नाकारत नाही आणि त्या श्रोत्यांना हसतही नाही, कारण त्यांनी जे ऐकले ते त्या क्षणी खरेच ऐकले. माझे म्हणणे एवढेच आहे की झाकून ऐकणे ही तपासणी म्हणून उत्तम आहे, पण ती ऐकण्याची जागा घेऊ शकत नाही. प्रश्नकर्त्यांनी एक लार्गो सुरुवातीपासून अखेरपर्यंत झाकून ऐकावा आणि मग तोच नाव कळल्यावर ऐकावा. दोन्ही वेळची टिपणे शेजारी ठेवली तर नाव काय देते आणि काय हिरावते, हे दोन्ही त्यांना दिसेल.

कानसेन_९

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या तीन संध्याकाळी पुढीलप्रमाणे प्रयोग केला. तोस्कानिनी वगळले, पातळी कोर आंग्लेच्या उताऱ्यावरूनच समान केली, क्रम दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवला आणि मित्राला पुनरुक्ती बदलायला सांगितली. पसंतीक्रम न लावता केवळ ‘पुन्हा ऐकायचे’ आणि ‘नको’ एवढेच लिहिले. तिन्ही संध्याकाळी कुबेलिक ‘पुन्हा ऐकायचे’ या बाजूला राहिले, म्हणजे पहिल्या वेळची त्यांची घसरण बहुधा पातळीमुळेच झाली होती. केर्तेस दोनदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला गेले. ज्या दिवशी ते पहिल्या क्रमांकावर वाजले, त्याच दिवशी ‘नको’त गेले.

त्यानंतर संपूर्ण लार्गो ऐकले, रोज दोनच, नावे झाकून. बर्नस्टाईन ओळखू न येणे अशक्यच होते, तेव्हा तेथे झाकण्याला अर्थ नव्हता. पण आश्चर्य असे की तुकड्यात मला जे ताणलेले वाटले होते, ते सलग ऐकताना तसे वाटले नाही. अखेरीस केवळ डबल बेस उरतात आणि विभागून तो अतिमंद स्वरसमूह वाजवतात, तेथे पोहोचेपर्यंत तो संथपणा मला गरजेचा वाटू लागला होता. दोन मिनिटांवरून मी हे कधीच म्हटले नसते. आंचेर्ल यांच्याबद्दल या वेळी माझे टिपण आहे: ‘कोठेही थांबत नाही आणि कोठेही धावत नाही.’ ‘उबदार’ही नाही आणि ‘उरकल्यासारखे’ही नाही. पूर्वीचे दोन्ही शेरे मी खोडले आहेत.

सारंगी_आणि_सूर यांनी सुचवलेला नाव कळल्यानंतरचा फेरा अजून बाकी आहे. तिन्ही संध्याकाळी त्याने कोणते ध्वनिमुद्रण दोनदा वाजवले, हे मात्र मित्राने गुलदस्त्यात ठेवले आहे, आणि खरे सांगायचे तर मला ते अद्याप ओळखता आलेले नाही. दरम्यान चौथा भाग चार वेळा ऐकला. झांज दोनदा सापडली.