निसर्गचित्राखाली जागेचं नाव लिहावं का? शिवाय बुरशीचा एक प्रश्न

सड्यावरची
जानेवारीत मुंबईत काळा घोड्याला माझा पहिला सोलो शो आहे, एक आठवडा. अर्ज टाकून इतकी वर्षं झाली होती की मी विसरूनच गेले होते. रत्नागिरीजवळ शाळेत चित्रकला शिकवते. अकरा वर्षं एकच विषय चाललाय, आमच्या मागचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसात हिरवा, मग सोनेरी, आणि मार्चनंतर वणव्याने काळा.

रंग बहुतेक तिथलेच. चिरेखाणीतला भुगा बादलीत कालवायचा, रेव खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. ते निवळलं की तळाशी साय उरते. ती वाळवून काचेवर बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायची. विटकरी, जांभळट, पिवळट, आणि चिऱ्याखालच्या शेडीचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, पांढुरका. चार रंगांत बराच सडा होतो.

अडचण अशी. दोन वर्षांपूर्वी पुण्यात ग्रुप शोमध्ये मी नुसतं ‘सडा १’, ‘सडा २’ लिहिलं होतं. दिवसभर एकच प्रश्न, “हे कुठलं?” एकदा कंटाळून गावाचं नाव सांगितलं, तर समोरच्या बाईंनी मोबाइलवर त्या गावाचा फोटो शोधून दाखवला, “इथे तर झाड दिसतंय.” एक गृहस्थ पाच मिनिटं चित्रासमोर उभे राहिले, मी सुखावले, तर विचारतात, “तिकडे गुंठ्याला काय भाव चाललाय?” सड्यावर कोरलेली जुनी कातळशिल्पं का काढली नाहीत, हे तर प्रत्येक तिसरा माणूस विचारतो.

तर नाव लिहू की नको? आणि पुण्याहून परत आलेल्या दोन फ्रेममध्ये काचेच्या आत तपकिरी ठिपके आलेत. ते जातील का?

रंकाळा_काठ
ताई, लिहा हो बिनधास्त. आमच्या कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहमान यांनी रंकाळा तलाव रंगवला. १९३१ साली ते गेले, पण आजही माणूस चित्रासमोर उभा राहिला की आधी जागा ओळखतो, मग पाण्यावरचा उजेड बघतो. ओळख पटली की पाय थांबतात. मात्र जागेबरोबर वेळही लिहा. ‘अमुक सडा, जून, सकाळी सात’ असं लिहिलं की फोटोशी ताडून बघणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं. त्याचा फोटो मे महिन्यातला असणार. (मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. लेबलवर ‘निसर्ग ४’ दिसलं की मला पेपर तपासतोय असं वाटतं.)

चौकटवाला
नावाचं तुमचं तुम्ही बघा, मी ठिपक्यांबद्दल सांगतो. कागद थेट काचेला टेकला होता ना? मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. दमट हवेत काचेला आतून पाणी सुटतं आणि कागद ते पितो. दुसरं म्हणजे, पावसाळ्यात फ्रेम केलीत तर ओल आतच कोंडली जाते. आता सगळं उघडा, सावलीत चांगलं वाळू द्या, डिसेंबरात बंद करा. माउंट आम्लरहित. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बुचं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यात हवा खेळते. ठिपके ओल्या फडक्याने पुसू नका, पसरतील. बाहेर मोकळ्यावर, तोंडाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने वरची बुरशी झाडा. डाग राहील, त्याला इलाज घरी नाही.

तुतारी एक्स्प्रेसने नेणार असाल तर काच फुटेल म्हणून तिच्याजागी ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, लावायचा मोह होईल. पण घासलं की ॲक्रिलिकवर वीज साठते, रंगाची सुटी पूड ते वर ओढून घेतं. आधी पांढरा कापूस चित्राच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवा. लाल झाला तर डिंक कमी पडलाय, काचच लावा.

पेटीतले_रंग
जांभ्याचा लाल म्हणजे लोहाचा गंज, तो उन्हाला भीत नाही. पण सोनेरी गवताला काय वापरता? हळद नाही ना?

सड्यावरची
हळदच आहे. पिवळी माती हवी तेवढी झळकत नव्हती.

पेटीतले_रंग
मग एक पट्टी रंगवा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि खिडकीला चिकटवा. विकणार असाल तर हे आधी कराच.

सड्यावरची
तीन आठवड्यांनी लिहितेय. पट्टी काढली. झाकलेला भाग तसाच, उघडा भाग चहा सांडल्यासारखा. जांभ्याची पट्टी जशीच्या तशी. ऑक्टोबरची तीन चित्रं यादीतून काढली, त्यातलं एक पिवळ्या मातीने पुन्हा करतेय. झळक कमी आहे, पण खरं गवतही दुपारी तसंच मळकट दिसतं, हे आता जाऊन पाहिल्यावर कळलं. कापूस दोन ठिकाणी लाल झाला. काच लावतेय.

नावांचं असं ठरवलंय. नकाशातलं नाव नको. आमच्या वाडीत गुरं राखणाऱ्यांनी सड्याच्या तुकड्यातुकड्याला नावं दिलीत: म्हशीचं पाणी, आंधळी घळ, दुपारचा कातळ. तीच लिहिणार, खाली महिना आणि वेळ. ‘म्हशीचं पाणी, जून, पावसाआधी.’ मोबाइलवर शोधून सापडणार नाही.

रंकाळाकाका, मुंबईला याल ना? गुंठ्याचा भाव विचारणारा आला तर तुमच्याकडे पाठवते.