सल्ला हवा आहे: बंद पडलेल्या ग्रासकोर्ट टेनिस स्पर्धांपैकी कोणत्या एकीवर बोलू?

मीनल_क
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एकजण वीस मिनिटं बोलतो. या खेपेला माझी पाळी. उत्साहाच्या भरात विषय सांगून बसले, 'विंबल्डनच्या सावलीत संपलेल्या ग्रासकोर्ट स्पर्धा'. आता चार दिवस वाचून डोकं गरगरतंय. एके काळी अशा स्पर्धा ढिगाने होत्या आणि जिथे जावं तिथे इतिहास म्हणजे विजेत्यांची यादी! ती वाचून दाखवली तर तिसऱ्या मिनिटाला लोक मोबाईल काढतील.

म्हणून एकच धरायची असं ठरवलंय. डोक्यात तीन आहेत: अमेरिकेतलं न्यूपोर्ट, डब्लिनची आयरिश चॅम्पियनशिप आणि इंग्लंडच्या केंटमधलं बेकनहॅम. कोणती घेऊ? आणि सुरुवात कुठून करू? ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांचं टेनिस फेडरर-नदालपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

नेटकॉर्ड
डोळे झाकून न्यूपोर्ट. १८८१ ते १९१४ अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तिथल्या कसिनोच्या हिरवळीवर व्हायची. कसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे हां, श्रीमंतांचा क्लब. रिचर्ड सीअर्सने पहिली सातही वर्षं जिंकली. १९१५ ला स्पर्धा न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सला गेली आणि न्यूपोर्टकरांनी मागे आपली निमंत्रितांची स्पर्धा सुरू केली, ती १९६७ पर्यंत चालली. टायब्रेकच्या, म्हणजे सेट बरोबरीत अडकला की तो लगेच निकाली काढायच्या नियमाच्या, मागे लागलेला जिमी व्हॅन ॲलन तिथलाच. आजचा प्रेक्षक ६-६ झालं की जे बघतो, त्याचं मूळ तिथे आहे. धागा आपोआप जुळतो.

सुप्त_ज्वालामुखी
धागा जुळतो हे खरं, पण ती जागा कुठे संपली? टेनिसचं हॉल ऑफ फेम तिथे आहे, हिरवळ तिथे आहे. 'संपलेली' म्हणून सांगायला गेलात तर कुणीतरी हात वर करेल.
बेकनहॅम १८८६ ची, म्हणजे जुनी आणि मानाची. पण बहुतेकांसाठी ती विंबल्डनआधीची तालीम होती. तालमीवर वीस मिनिटं बोलणं अवघड आहे.

बाबूराव_बॅकहँड
आपल्याकडचं कलकत्त्याचं साउथ क्लब का नको? १९६६ ला डेव्हिस कपात, म्हणजे देशादेशांच्या सांघिक स्पर्धेत, ब्राझीलविरुद्ध २-२ अशी बरोबरी, शेवटच्या सामन्यात कृष्णन कोखविरुद्ध चौथ्या सेटमध्ये २-५ ने मागे, आणि तिथून उठून जिंकला. अंगावर काटा येतो राव अजून.

मीनल_क
बाबूराव, काटा आला, पण तो क्लब जिवंत आहे की! त्यावर तुम्हीच वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

दूर्वा
मीनलताई, माझं मत डब्लिनला.

कारण एकच: ती फक्त बंद पडलेली स्पर्धा नाही, तिथे एक गोष्ट जगात पहिल्यांदा झाली. १८७९ च्या जूनमध्ये फिट्झविल्यम क्लबने पहिली आयरिश चॅम्पियनशिप भरवली आणि तिच्यात बायकांची एकेरी ठेवली. विंबल्डन तेव्हा दोन वर्षांचं होतं आणि तिथे फक्त पुरुष खेळत होते. बायकांना तिथे १८८४ उजाडावं लागलं. पाच वर्षं आधी डब्लिनमध्ये मे लँग्रिश नावाची मुलगी चॅम्पियन झालेली होती. वय चौदा!

अंतिम सामन्याचा गुणफलक लिहून घ्या: ६-२, ०-६, ८-६. समोर मिस डी. मेल्डन. मी यावर फार वेळ घालवलाय. पहिला सेट आरामात, दुसऱ्यात एकही गेम नाही, आणि तरी तिसरा ८-६. पायघोळ झगा, आत कॉर्सेट, आणि चौदाव्या वर्षी शून्य खाल्ल्यावर पुन्हा बेसलाइनवर जाऊन उभं राहायचं. हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि दहा सेकंद गप्प बसा.

अजून एक. पुरुषांचे सामने फिट्झविल्यम चौकातल्या बागेत, सगळ्यांसमोर. बायकांचे मात्र क्लबच्या आवारात, सभासद आणि त्यांच्या पाहुण्यांपुरते. म्हणजे दार उघडलं, पण पडदा ठेवून.

नेटकॉर्ड
दूर्वाताईंना मान देऊन सांगतो, डब्लिन घ्यायचंच असेल तर सुरुवात व्हेअर सेंट लेजर गूल्डने करा. त्याच १८७९ चा पुरुष विजेता. पुढच्याच महिन्यात विंबल्डनच्या अंतिम सामन्यात. तिथे समोर जॉन हार्टली नावाचे पाद्री! हे महाशय मधल्या रविवारी यॉर्कशायरला आपल्या चर्चमध्ये प्रवचन द्यायला जाऊन परत आले होते. गूल्ड हरला, पुढच्या वर्षी डब्लिनचा किताबही विल्यम रेनशॉकडे गेला. मग दारू, जुगार, कर्ज. १९०७ मध्ये माँटे कार्लोत एका डॅनिश विधवेचा खून, प्रेत पेटीत, पेटी मार्सेच्या स्टेशनवर उघडली. नवराबायको दोघांना शिक्षा. गूल्ड १९०९ मध्ये डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर मेला. विंबल्डनच्या अंतिम फेरीत खेळलेला खुनी! कोण मोबाईल काढतंय बघू.

दूर्वा
अहो, हीच तर भीती. मी एकदा हे करून बसलेय. पेटीपासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सगळे प्रश्न पेटीवरच. पेटी केवढी होती, वास कधी आला, बायकोचं काय झालं. स्पर्धा राहिली बाजूला. खून नंतर सांगितला तरी लोक ऐकतात. आधी सांगितला तर दुसरं काही ऐकत नाहीत.

वाचनमात्र_होतो
बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी लिहितोय. जुनी दप्तरं चाळणार असाल तर काही ठिकाणी ठेच लागेल, सांगून ठेवतो.

'चॅलेंज राउंड' म्हणजे काय ते आधी समजून घ्या. गेल्या वर्षीचा विजेता आरामात बसायचा, बाकीचे आपसात लढायचे, आणि जो उरेल तो त्याला आव्हान द्यायचा. म्हणून त्या काळात एखाद्याने सलग तीन वर्षं जिंकली असं वाचलं की तो किती सामने खेळला तेही बघावं. गूल्ड-हार्टली सामना कागदावर या आव्हानवीरांमधला अंतिम होता. आदल्या वर्षीचा विजेता फ्रँक हॅडो आलाच नाही, म्हणून त्यावरच किताब ठरला.

दुसरं, नावं. विंबल्डनच्या यादीत 'गूल्ड' शोधत बसाल तर सापडणार नाही, तो नुसता 'सेंट लेजर' म्हणून उतरला होता. टोपणनावाने खेळण्याची तेव्हा पद्धतच होती. डब्लिनचा आणखी एक मोठा खेळाडू जोशुआ पिम, पेशाने डॉक्टर, विंबल्डन १८९३ आणि १८९४ चा विजेता. तो १९०२ मध्ये डेव्हिस कप खेळायला अमेरिकेला गेला तेव्हा संघात 'मिस्टर एक्स' होता. तोवर अंग सुटलं होतं, हरला बिचारा.

आणि बायकांच्या नावांत बहुधा नुसतं आद्याक्षर. मिस डी. मेल्डनचा डी. कशाचा, हे सांगायची तेव्हा कुणाला गरज वाटली नाही.

सुप्त_ज्वालामुखी
वाखूसा (वाचनखूण साठवली). 'मिस्टर एक्स' जबरी आहे.

मीनल_क
बापरे, केवढं दिलंत सगळ्यांनी! डब्लिन पक्कं. पण मधली दहा मिनिटं कशाने भरू? १८७९ नंतर एकदम 'आणि मग बंद पडली' असं कसं म्हणायचं?

दूर्वा
मधल्या भागासाठी १८९० हे एक साल घ्या, बाकीची सोडा. त्या वर्षी विंबल्डनला पुरुष एकेरी विलोबी हॅमिल्टनने जिंकली, सात वेळच्या विजेत्या विल्यम रेनशॉला पाच सेटमध्ये हरवून. बायकांची एकेरी टिपरेरीच्या लीना राइसने. पुरुष दुहेरी पिम आणि फ्रँक स्टोकरने. सगळे आयरिश, आणि या मंडळींची घरची स्पर्धा डब्लिनचीच. स्टोकर दंतवैद्य, आयर्लंडकडून रग्बी खेळलेला, आणि ड्रॅक्युला लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरचा नातलग. इथे तुमच्या वाचनकट्ट्याचे कान टवकारतील.

लीना राइसबद्दल प्रामाणिकपणे सांगा की त्या वर्षी बायकांत नावं फक्त चारच होती. लपवू नका. उलट सांगा की लुइसा मार्टिनने डब्लिन नऊ वेळा जिंकलं आणि १८९२ मध्ये तिथे लॉटी डॉडलाही हरवलं. ही डॉड उभ्या कारकिर्दीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने हरली. मार्टिनला विंबल्डन कधीच मिळालं नाही, म्हणून आज तिचं नाव कुणी घेत नाही. तुमच्या शीर्षकातली 'सावली' ती हीच.

रोलरवाला
बंद का पडतात ते मी सांगतो. वडील एका क्लबात हिरवळ सांभाळायचे, मी सुट्टीत रोलर ओढलाय. ग्रासकोर्ट सामन्यासाठी तयार होतं ते थोडे दिवस. बेसलाइनपाशी गवत आधी जातं, मग माती दिसते, मग चेंडू कुठेही उडतो. एक सर आली की दुपार गेली. वडील वाकून तळहात गवतावर दाबायचे आणि हात ओला लागला तर कुणाचंही ऐकायचे नाहीत, अध्यक्ष असो की आणखी कुणी. आणि एवढं करून मोसम दोन-तीन महिन्यांचा. सिमेंटवर झाडू मारला की झालं.

त्यात व्यावसायिक टेनिस आलं. १९७३ पासून पुरुषांची क्रमवारी संगणकावर, म्हणजे कुठे खेळलं तर किती गुण याचा हिशेब सुरू झाला. १९७५ ला यूएस ओपनने गवत सोडलं, १९८८ ला ऑस्ट्रेलियाने. चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा गवतावर असत तेव्हा खेळाडूला वर्षभर गवताची गरज होती. एकच उरल्यावर जूनचे काही आठवडे पुरले. आणि डब्लिन सुरुवातीला विंबल्डनआधी होत असली तरी पुढे विंबल्डन आटोपल्यावर जुलैत व्हायची, हे विसरू नका. तालीम नाटकाआधी करतात, पडदा पडल्यावर कोण येणार?

बाबूराव_बॅकहँड
रोलरवाले, तुमच्या वडिलांवर लिहा हो एकदा.

फिरस्ता
थोडं अवांतर. डब्लिनला गेलो होतो तेव्हा तो फिट्झविल्यम चौक बघायला मुद्दाम गेलो. चारी बाजूंना विटांची जुनी घरं, रंगीत दारं आणि मधल्या बागेला लोखंडी कठडा. फाटकाला कुलूप. बाग अजून खाजगी आहे, किल्ली फक्त आसपासच्या रहिवाशांकडे. कठड्याला नाक लावून पाहिलं तर झाडं आणि झाडांमागे हिरवळीचा तुकडा. एक बाई आतून कुत्रं घेऊन आल्या, मी आशेने पाहिलं, त्यांनी हसून नमस्कार केला आणि फाटक लावून घेतलं. क्लब तिथून केव्हाच हलला. फोटो आहेत, हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मीनल_क
फिरस्ता, व्यनि केलाय. पहिली स्लाइड तुमच्या कठड्याची.

ठरलं मग. कुलूप लावलेली बाग, मग ६-२, ०-६, ८-६ आणि दहा सेकंद गप्प. मधे १८९० आणि लुइसा मार्टिन, शेवटी रोलरवाल्यांचा ओला तळहात (वडिलांची परवानगी आहे असं धरते). नेटकॉर्ड, तुमची पेटी मी प्रश्नोत्तरांसाठी टेबलाखाली ठेवतेय. कुणीतरी विचारेलच.

नेटकॉर्ड
कुणी विचारलं नाही तर मी येऊन विचारतो. तारीख कळवा.