नॉन्स होता, अधिकाराची तपासणी नव्हती

आता तपासणीचं टूलच सगळं पकडतं, मग स्वयंसेवकांनी वर्डप्रेसच्या (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) प्लगिनांचा, म्हणजे त्याला जोडायच्या जास्तीच्या सुविधांचा, कोड वाचत कशाला बसायचं, असं काही जण विचारतात. प्लगिन चेक हे टूल कामाचंच आहे, एस्केपिंग (मजकूर पानावर छापण्याआधी निर्धोक करणं) राहिलं की लगेच दाखवतं. पण परवा एका मित्राचा प्लगिन वाचला. सेटिंग सेव्ह करताना नॉन्स (विनंती साइटच्याच पानावरून आली का, हे ओळखायचा छोटा संकेत) तपासला होता, टूलची काही तक्रार नाही. सेव्ह करणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे मात्र कोडमध्ये कुठेच विचारलं नव्हतं. आणि तोच नॉन्स ॲडमिन विभागाच्या प्रत्येक पानावर छापला जात होता. त्यातलं प्रोफाइलचं पान सबस्क्रायबरलाही, म्हणजे सगळ्यात कमी अधिकाराच्या सदस्यालाही, दिसतं. म्हणजे लॉगिन केलेल्या साध्या सबस्क्रायबरलाही सेटिंग बदलता आली असती. एका ओळीचं काम, पण ती राहिलीय हे कळायला आधी प्लगिन करतो काय ते समजून घ्यावं लागतं.

मला खरी काळजी पुढची वाटते. माणसं बारकाईने वाचतात ती पहिली आवृत्ती. 2017 मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचा प्लगिन विकला गेला आणि नव्या मालकाच्या अपडेटमधून लोकांच्या साइटवर स्पॅम आलं. सुमारे दोन लाख साइटवर होता तो! ज्यांना वेळ आहे त्यांनी आपण वापरतो त्या एखाद्या प्लगिनच्या अपडेटमधले बदल तरी वाचा. मालक बदललेला दिसला तर आधी तोच वाचायला घ्या.