गर्भवती न्यायाधीन बंदी: अर्जात आणि कारागृहाकडे नेमकं काय मागावं?

विधीस्वयंसेवक
जिल्हा कारागृहात एनडीपीएसखाली (अमली पदार्थविरोधी कायदा) अटकेतली बाई. 24 आठवडे, हिमोग्लोबिन 8.2. सोनोग्राफीच्या दोन तारखा, न्यायला पोलीस गार्ड नाही म्हणून हुकल्या. नियमित जामीन फेटाळला गेलाय. लोक अभिरक्षक कार्यालयामार्फत (आरोपींना मोफत वकील देणारं) काय मागावं? आणि तोवर आत काय करता येईल?

रानजाई
प्रसूतीसाठी तात्पुरता जामीन मागा. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 480 मध्ये स्त्रियांसाठी सवलतीचं परंतुक आहे, पण एनडीपीएसमध्ये जामिनाच्या कडक अटी घालणाऱ्या कलम 37 मध्ये नाही. सरकारी वकील तिथेच बोट ठेवतील. आर. डी. उपाध्याय निकाल (सर्वोच्च न्यायालय, 2006) जोडा: प्रसूती शक्यतो तुरुंगाबाहेर व्हावी, असं त्यात आहे. त्याहून उपयोगी म्हणजे नोव्हेंबर 2024 चा नागपूर खंडपीठाचा आदेश. एनडीपीएसमध्येच गर्भवतीला 6 महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला होता.

अर्ज आत्ताच करा. पोलिसांचं म्हणणं, वैद्यकीय अहवाल, मग जामीनदार, यात आठवडे जातात. आदेश होऊनही बाई आत अडकते ती बहुतेकदा ऐपतीच्या दाखल्यापायी. म्हणून जामीनदार मिळेपर्यंत रोख रकमेवर सोडण्याची विनंती त्याच अर्जात करा. आदेश हातात आल्यावर सुचून उपयोग नाही.

ओपीडी_बाहेरून
8.2 म्हणजे मध्यम रक्तक्षय. रोज एक नव्हे, लोहाच्या दोन गोळ्या हव्यात आणि महिन्याने पुन्हा तपासणी. हिमोग्लोबिन 1 ग्रॅमनेही वाढलं नाही तर वरच्या रुग्णालयात पाठवायला हवं. आत हमखास होणारी चूक: लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी हातात देतात, तेही सकाळच्या चहाबरोबर. चहाने आणि कॅल्शियमने लोह नीट शोषलं जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवायला सांगा.

24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोजची (गरोदरपणातल्या मधुमेहाची) चाचणी राहू देऊ नका. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्यापाशीच असावं. ते कारागृहाच्या दवाखान्यातल्या फायलीत अडकलं, तर रात्री प्रसूतिगृहातल्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

रानजाई
गार्डबद्दल: तो पोलीस मुख्यालयातून येतो आणि कोर्टाच्या तारखांना आधी मिळतो. 'तपासणीला न्यावं' असा मोघम आदेश घेऊ नका. रुग्णालयाच्या तारखा आदेशात लिहून घ्या, महिला पोलिसाचा उल्लेख करा, प्रत पोलीस अधीक्षकांना. बेडीचा प्रश्न आला तर बीएनएसएसचं कलम 43(3) दाखवा. त्यात बेडीची मुभा अटक करताना आणि कोर्टात हजर करताना एवढीच आहे, रुग्णालय नाही.

चावीवाला
एक राहिलं. संध्याकाळी कुलूप लागल्यावर बॅरेक उघडायला वरिष्ठ लागतो. कळा सुरू झाल्यावर चावी कोणाकडे, 108 ला फोन कोण करणार, हे कारागृह अधीक्षकांकडून आधीच लेखी घ्या. जामीन झाला नाही आणि बाळंतपण आत असतानाच झालं, तर 21 दिवसांत जन्मनोंद. दाखल्यावर कारागृह लिहायचं नाही, त्या भागाचा पत्ता लिहायचा. हेही उपाध्याय निकालातच आहे, तरी अर्ज भरणारा कारकून सवयीने 'कारागृह' लिहून मोकळा होतो.